डाव मायच्या हातात होता

(‘आई’ या विषयावरच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला आणि विषय कळला, तेव्हा मी सवयीनं विचारलं, ‘स्लाइड आणू का?’ पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, ‘अहो, आईवर बोलायचंय. स्लाइड कशाला?’ माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे स्लाइडशिवाय कोणी चहासुद्धा मागत नाही. तेव्हा आज बिनस्लाइडचं बोलतो. कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी रायगड जिल्ह्यातल्या नागावचा. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारी एस. टी. पकडली की अक्षी लागतं, मग नागाव. एका बाजूला समुद्र, किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि आत नारळ-सुपारीच्या वाड्या. आमची वाडी २४ गुंठ्यांची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आईला आम्ही ‘माय’ म्हणायचो. २०२३ मध्ये ती गेली. तेव्हा ती ६९ वर्षांची होती, असं कागद सांगतात.

कागद सांगतात असं म्हणालो, कारण मायची जन्मतारीख १ जून. अब्बांचीही १ जून. शेजारच्या वाडीतल्या काकूंचीही तीच. इथं समोर बसलेल्यांत १ जूनवाले किती आहेत, हात वर करा. बघा! जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. आधार कार्ड काढताना तिथल्या पोरानं विचारलं, ‘आजी, ही खरी तारीख आहे का?’ माय म्हणाली, ‘खरीच रे बाबा. त्या दिवशी नागावात सुईणीला पाणी प्यायला फुरसत नव्हती.’

माय चौथी शिकलेली. पण तिला कोणी अडाणी समजलं तर त्याची खैर नसे. २००६ मध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलवर गेलो. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, आणि त्यानं ते जगप्रसिद्ध वाक्य टाकलं, ‘काय रे, अलिबागहून आलास का?’ बाकीचे हसले. मी खरोखरच अलिबागहून आलेलो! रात्री फोनवर रडवेल्या आवाजात मायला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग हो म्हणायचं. आणि म्हणायचं, शनिवार-रविवार तुम्ही सगळे पैसे खर्चून आमच्याकडे येता. आम्ही तुमच्याकडे फुकट येत नाही. मग खुळा कोण?’

पुढं २०१९ मध्ये या वाक्यावर बंदी घाला म्हणून कोणीतरी मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं ती याचिका फेटाळली. मी मायला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘बरं झालं. बंदी घातली असती तर लोकांना वाटलं असतं, अलिबागवाल्यांना विनोद कळत नाही.’

२०१६ मध्ये अब्बा गेले. त्यानंतर मायनं वाडीतल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. तांदळाची भाकरी, मांदेली, सोलकढी, आणि हंगाम असेल तर अलिबागचा पांढरा कांदा. त्या कांद्याला पुढं भौगोलिक मानांकन मिळालं, पण मायनं ते त्याला आधीच देऊन ठेवलं होतं. गोड असतो, कच्चा खावा. पाहुणा त्यावर लिंबू पिळायला लागला की ती त्याचा हात धरायची.

एकदा शहरातलं एक कुटुंब आलं. माणसं सभ्य होती. जेवताना मायशी गप्पा झाल्या, मग त्या बाईंचं लक्ष भिंतीवरच्या काबेच्या चित्राकडे गेलं. त्या म्हणाल्या, ‘अय्या, तुम्ही मुसलमान? पण मावशी, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ आपल्यापैकी प्रत्येकानं हे वाक्य आयुष्यात कितीदा ऐकलंय, त्याची गणती नाही. मी लगेच आतल्या आत धुमसायला लागलो. माय मात्र हातातली भाकरी तव्यावर टाकत मनापासून म्हणाली, ‘तुमचंही बरं आहे हो. कुठं शिकलात?’

बाई क्षणभर थांबल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढं दरवर्षी येत राहिल्या. जाताना मायनं त्यांना सांगितलं, ‘शेजारी अक्षीला जाऊन या. तिथं दगडावर मराठी कोरलेली आहे. हजार वर्षांपूर्वीची म्हणतात.’ अक्षीचा तो शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. मायला तो काही वाचता येत नव्हता. पण तो आपल्या शेजारचा आहे, एवढा अभिमान तिला पुरत होता.

नोकरी लागल्यावर तिनं मला विचारलं, ‘तू दिवसभर करतोस काय?’ मी सांगितलं, ‘प्रोग्रॅममध्ये चुका असतात, त्यांना बग म्हणतात. बग म्हणजे किडा. ते शोधून काढायचे.’ ती म्हणाली, ‘मग हे आपल्या वाडीतलंच काम झालं.’ नारळावर गेंड्या भुंगा पडतो, तुम्हाला माहीत असेल. तो माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो. वर चढून लोखंडी आकड्यानं त्याला बाहेर ओढावा लागतो. माय म्हणाली, ‘आमचा गडी माडावर चढतो, तू खुर्चीत बसतोस. पगार तुला जास्त. चालायचंच.’ त्यानंतर फोनवर कायम एकच प्रश्न असायचा, ‘आज किती भुंगे काढलेस?’

आता मुद्द्याकडे येतो. मायची एक खोड होती, मोजण्याची. सुपाऱ्या मोजायची, नारळ मोजायची, झाडूसाठी काढलेले हीरसुद्धा मोजायची. पण सगळ्यात कडक मोजणी जेवणात. घरात मी आणि माझी मोठी बहीण. तिला मी आपा म्हणतो. कालवणाचं भांडं आलं की माय आधी आत नजर टाकून तुकडे मोजायची आणि मग वाढायची. मला दोन तर आपाला दोन. सुरमईचा डोक्याकडचा तुकडा आज एकाला, पुढच्या वेळी दुसऱ्याला. थंडीत वाडीत पोपटी लागायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. मडकं उघडताना आळीतली सगळी पोरं जमायची, हिंदू-मुसलमान सगळी. अंडी आठ आणि पोरं अकरा असली, तरी माय सुरी घेऊन बसायची आणि कोणी भांडत जात नसे. फुपूनं एकदा म्हटलं, ‘मुलग्याला जरा जास्त वाढ गं, त्याला पुढं कमवायचंय.’ माय म्हणाली, ‘त्याला भूक जास्त आहे का? मग मागेल. तोंड आहे त्याला.’

त्यामुळे मी लहानपणापासून असंच धरून चाललो होतो की आमच्या घरात मुलगा-मुलगी भेद नाही. कॉलेजात यावर भाषणंही ठोकली. बक्षीसही मिळालं.

आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. २००३ मध्ये ती बारावी झाली. मार्क चांगले होते. तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म आणला होता, भरला होता, फोटोही चिकटवला होता. अब्बा म्हणाले, पैसे एकाच्याच शिक्षणापुरते आहेत, आणि तीन वर्षांनी मुलग्याची बारावी आहे. फॉर्म कपाटात राहिला. २००६ मध्ये मी इंजिनिअरिंगला गेलो आणि त्याच वर्षी आपाचं लग्न झालं, पेणला. आपानं कधी तक्रार केली नाही. मायनंही कधी विषय काढला नाही. माय जगातल्या प्रत्येक गोष्टीवर विनोद करायची, स्वतःच्या गुडघ्यांवर, अब्बांच्या घोरण्यावर, माझ्या टकलावर. त्या फॉर्मवर तिनं कधी विनोद केला नाही. हे माझ्या लक्षात यायला मला चौदा वर्षं लागली.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन चालू होतं, मी पुण्यात अडकलेलो. सकाळी फोन केला. माय म्हणाली, ‘वारा आहे. डाळ शिजतेय. ठेवते.’ दुपारी वादळ अलिबागच्या जवळ किनाऱ्यावर चढलं आणि फोन बंद पडला. चार दिवस काही कळेना. त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते सांगत नाही. पाचव्या दिवशी पास मिळाला आणि मी गाडी काढली. अलिबागच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं आडवी. विजेचे खांब वाकलेले. आमच्या दारात पोहोचलो तर घरावर एक कौल शिल्लक नाही, आत वर आभाळ दिसतंय, आणि माय ओट्यावर बसलेली. मी धावत आत शिरलो. ती म्हणाली, ‘चप्पल बाहेर काढ.’ घराला छप्पर नव्हतं, पण उंबरठा होता.

आमचे ४० माड होते. १६ पडले, २४ उभे राहिले. पोफळी तर काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या होत्या. पोफळ नवी लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, बाणवली माडाला सहा ते आठ. म्हणजे एका दुपारी किती वर्षं पडली, याचा हिशोब करा. नुकसानभरपाई आधी हेक्टरवर ठरली होती. पण कोकणातल्या वाड्या गुंठ्यांतल्या, हेक्टरच्या मापात त्या सापडेनात. पुढं सरकारनं झाडावर हिशोब धरला, नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. माय म्हणाली, ‘झाडं मोजून द्यायला लागले, म्हणजे सरकारला अक्कल येतेय. आता माणसंही मोजतील हळूहळू.’

पण सरकारच्या आधी तिनं स्वतःच मोजणी केली होती. मी गेलो त्याच आठवड्यात आपा पेणहून आली. एके सकाळी माय हातात चुन्याचा डबा घेऊन आम्हा दोघांना वाडीत घेऊन गेली. अब्बांच्या मागं सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती, पण वाटणी झाली नव्हती. आपल्याकडचा वारसाचा हिशोब इथं सगळ्यांना माहीत आहे. मुलंबाळं असली तर बायकोला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. २४ भाग केले तर आईला ३, मुलाला १४, मुलीला ७. वाडी २४ गुंठे, आणि वादळानं माडही बरोबर २४ ठेवलेले. मायनं चौदा माडांवर एक रेघ मारली, सातांवर दोन रेघा आणि तीनांवर गोल.

मग म्हणाली, ‘हे माझे तीन मी हिला देते. मी जिवंत आहे, माझं मी कोणालाही देऊ शकते. हिचे झाले दहा. तुझे चौदा. आता तुझ्यातले दोन पुसायचे, म्हणजे बारा-बारा.’ आणि चुन्यात बुडवलेली कुंचली तिनं माझ्यापुढं धरली.

मित्रांनो, मी समतेवर बक्षीस मिळवलेला माणूस. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘बघू.’

‘बघू’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको.

दोन माड म्हणजे नुसते माड नव्हेत, खाली दोन गुंठे जमीन असते. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली होती, मुंबईची गाडी सरळ आमच्याकडे उतरणार होती. गुंठ्याचे भाव सगळ्यांच्या तोंडी होते. माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट होती, वाडीत कॉटेज बांधायची. त्यात आपाचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. मी लबाडीनं ते टाळलं होतं असंही नाही. मला ते सुचलंच नव्हतं. आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

मी पुण्याला परतलो. फोनला रेंज येऊ लागल्यावर रोज संध्याकाळी मायचा फोन यायचा. जमिनीचं एक अक्षर नाही. शेवटी फक्त म्हणायची, ‘तुझे ते दोघे बरे आहेत.’ मी विचारायचो, ‘कोण दोघे?’ ‘तेच, विहिरीजवळचे. आज तुझी आठवण काढत होते.’ दुसऱ्या दिवशी, ‘एकाला जरा भुंगा लागलाय, काळजी करू नकोस.’ तिसऱ्या दिवशी, ‘ते विचारत होते, आम्हाला कुठल्या घरी जायचंय?’ असं तीन आठवडे चाललं. मी हसायचो आणि फोन ठेवल्यावर मला झोप यायची नाही.

शेवटी एकदा मीच चिडून म्हणालो, ‘माय, कायद्यानं, शरियतनं जे माझं आहे, तेच माझ्याकडे आहे. मी कोणाचं हिसकावलंय का?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘नाही बाबू, तू नाही हिसकावलंस. चूक माझी झाली. मी मासे नीट वाटले, अंडी नीट वाटली. शिक्षण वाटायच्या वेळी मी भांड्यात बघितलंच नाही. तुझ्या अब्बांचं नाव घेऊ नकोस. वाढणारी मी होते. डाव माझ्या हातात होता.’

मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘ठेवते. दूध उतू जातंय.’ तेव्हा घरात गॅस संपलेला होता, हे मला आपाकडून नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी हो म्हणालो. यात माझा मोठेपणा काडीचा नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. चार वर्षांची माझी फी कुठून आली, हे मला कळायला ३२ वर्षांचा व्हावं लागलं, आणि तेही समोरच्यानं स्वतःवर दोष घेतल्यावर.

२०२१ मध्ये आम्ही कागद करायला गेलो. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हटलं की बहीण सही करते आणि भाऊ पेढे आणतो, असा रिवाज आहे. आपल्या समाजात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा आहे यावर आपण तावातावानं वाद घालतो, घातलाच पाहिजे. पण तो निम्मा तरी किती बहिणींच्या हातात पडतो? आमच्या शेजाऱ्यांकडे महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. त्यांच्या बहिणीही ओवाळणीच्या ताटाशेजारी सही करून मोकळ्या होताना मी पाहिल्यात. या एका बाबतीत गावात पूर्ण एकोपा आहे. तर, तिथल्या लिहिणाऱ्यानं कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि मला म्हणाला, ‘साहेब, नावं उलटी पडलीत. सोडणारी बहीण ना?’ माय म्हणाली, ‘नावं सरळ आहेत दादा. तुम्ही कागद सरळ धरा.’

सह्या झाल्या. बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, आपा रडेल, आम्ही गळ्यात पडू. आपा शांतपणे म्हणाली, ‘झाडं दिलीत, चांगलं केलंत. ती वर्षं कुठून देणार?’

आम्ही तिघं एस. टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. त्या दिवशी मायजवळ विनोद नव्हता.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण अशा भाषणांत शेवटी सगळं गोड होतं आणि टाळ्या पडतात. उशिरा दिलेला हिस्सा हा हिस्साच असतो, तो द्यायलाच हवा. पण त्यानं गेलेली वेळ परत येत नाही, हे देणाऱ्यानं ऐकून घ्यायला हवं. आपानं पुढं तिच्या बारा गुंठ्यांत सुपारीची रोपं लावली, कलमांची छोटी रोपवाटिका सुरू केली, आता चार बायका तिच्याकडे कामाला येतात. ती खूश आहे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, ‘कामात आहे.’

या चळवळीत आल्यावर मी एकदा मायला हमीद दलवाईंबद्दल सांगितलं. कोकणातलेच, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तोंडी तलाकच्या विरोधात. फक्त सात बायका, असं मी जरा भारावून सांगत होतो. माय तेव्हा अकरा-बारा वर्षांची असणार, तिच्या कानावर यातलं काही आलं नव्हतं. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘त्या सात जणींच्या घरी त्या दिवशी रांधलं कोणी?’ मी हसलो. ती हसली नाही. मी आजवर अनेक परिसंवादांना बसलो, पण चळवळीला विचारलेला इतका साधा आणि अवघड प्रश्न मी ऐकलेला नाही. आज इथल्या जेवणाची व्यवस्था पुरुष कार्यकर्त्यांनी बघितली आहे असं मला सकाळी कळलं. मीठ कमी असलं तरी मायच्या वतीनं मी त्यांचे आभार मानतो.

२०२३ मध्ये तिची तब्येत ढासळली. शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. भरती करताना जन्मतारीख विचारली. ऑक्सिजनच्या मास्कमधून तिनं सांगितलं, ‘एक जून,’ आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तिथल्या सिस्टर तरुण होत्या, कोणी केरळची, कोणी नगरची, एक तर आमच्या मुरूडची. प्रत्येकीला माय तोच प्रश्न विचारायची, ‘बाळ, तुझा कोर्स किती वर्षांचा होता? फी किती पडली? घरून कोणी पाठवलं?’ त्या बिचाऱ्या सलाईन लावता लावता उत्तरं द्यायच्या. त्यांना वाटायचं, आजींची नात नर्सिंगला जाणार असेल. आपा उशाशी बसलेली असायची. एकदा त्या मुरूडच्या मुलीनं उत्तर दिलं, ‘आईनं पाठवलं. अब्बा नको म्हणत होते.’ मायनं तिचा हात बराच वेळ सोडला नाही. मी आपाकडे बघितलं. आपा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचा दुसरा हात मायच्या पायावर होता.

माय गेली त्या रात्री वाडीत शेजारपाजारची सगळी माणसं जमली. दफन झाल्यावर पोपटीच्या मडक्याभोवती जमणारी ती अकरा पोरं, आता चाळिशीला आलेली, ओट्यावर बसून तिच्या गोष्टी सांगत होती. मयताच्या घरात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. कोणालाही त्यात गैर वाटलं नाही.

२०२४ मध्ये मला मुलगी झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. माझ्या मुलीच्या दाखल्यावर तसं आलंय. तिची जन्मतारीखही खरी आहे. मायला हे दाखवायला हवं होतं. म्हणाली असती, ‘नाव लागलं, आता सातबारा बघा.’

तुम्हाला मी एकच विनंती करतो. घोषणा देऊ नका. आज घरी गेल्यावर सातबारा किंवा घराचा जो काही कागद असेल तो काढा आणि त्यावर बहिणीचं नाव आहे का, ते बघा. नसेल तर तिला फोन करा. आणि ती जे बोलेल ते, कडू असलं तरी, मध्ये न बोलता ऐका. ‘बघू’ एवढं मात्र म्हणू नका.

वादळात पडलेल्या सोळा माडांच्या जागी मायनं त्याच पावसाळ्यात सोळा रोपं लावली होती. तेव्हा ती ६६ वर्षांची होती. मी म्हणालो होतो, ‘माय, याला नारळ यायला आठ वर्षं लागतील.’ ती म्हणाली, ‘लागू दे की. मला कुठं घाई आहे?’ गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यातल्या एका माडाला पहिली पोय आलेली दिसली. विहिरीजवळचा आहे, म्हणजे आपाच्या बाराव्या गुंठ्यातला. मी फोटो काढून आपाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुझे ते दोघे बरे आहेत. आता तिसरा आलाय.’ तिचं उत्तर आलं, ‘भुंगा बघितलास का?’

माय म्हणायची, जेवणाची वेळ झाली की शहाण्यानं बोलणं आवरावं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. तेव्हा इथंच थांबतो. वाढताना भांड्यात आधी बघा.